समासातली नोंद

अक्काची रुग्णालयातली नर्सची ड्युटी रात्रीची असली की मी प्रयोगशाळेतली भट्टीही रात्रीच लावायचो. बहीणभावाच्या मायेचा त्यात काही संबंध नव्हता. दिवसा भारनियमन असायचं आणि ९५० अंशांवर गेलेली भट्टी मध्येच बंद पडली की नमुना गेला, आठ तास गेले. रात्री अकरानंतर वीज त्यातल्या त्यात टिकायची. त्यामुळे आमच्या घरातून दोन रात्रपाळ्या निघत, एक पगारी आणि एक पीएच.डी.ची. सकाळी साडेआठच्या सुमाराला आम्ही दोघं ओट्यावर चहा घेऊन बसलो की गिरणीतून निवृत्त झालेले आप्पा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "सुटली का तिसरी पाळी?"

अक्का चहाआधी पाय बादलीत सोडायची. पाण्यात मूठभर खडेमीठ. मे महिन्यात जळगाव पंचेचाळिशीला टेकलेलं असलं तरी तिला पाणी कोमटच लागायचं. पांढऱ्या बुटांचे वळ घोट्यावर उमटलेले असायचे. "किती होते?" मी विचारायचो. ती आकडा सांगायची, मग म्हणायची, "खालचे धरून." खालचे म्हणजे खाट न मिळालेले, दोन खाटांच्या मधे गादी टाकून झोपवलेले.

माझं काम ऐकायला भारी वाटायचं. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांच्या नॅनोतारा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक तारा, वाढवणं. प्रत्यक्षात एक लांब नळी, तिच्यात चिनी मातीच्या होडीसारखं भांडं, भांड्यात झिंक ऑक्साइड आणि ग्रॅफाइटची भुकटी. थोडं पुढे, जरा कमी तापमानाच्या जागी, सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा ठेवायचा. भुकटी तापते, जस्ताची वाफ होते, आर्गॉन वायूच्या झुळकीबरोबर पुढे सरकते आणि नशीब बरं असेल तर त्या तुकड्यावर उगवते. उगवते हाच शब्द बरोबर आहे. सकाळी काढला की तुकड्यावर राखाडी-पांढरी लव दिसायची, नुकत्या फुटलेल्या कापसाच्या बोंडावर असते तशी.

पण नुसत्या सिलिकॉनवर ती नीट उगवत नाही. आधी सोनं लागतं. आता जळगावात सोन्याला काय तोटा! मी सराफ बाजारात गेलो आणि अर्धा ग्रॅम शुद्ध सोन्याची तार मागितली. सराफाने विचारलं, "कशात जडवायचीय?" म्हटलं, जडवायची नाही, वितळवून तिची वाफ करायचीय. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलो नाही. पावती मात्र दिली, आणि ती पावती मंजूर करून घेताना हिशोबनिसाने पुन्हा तेच विचारलं. मी त्याला आकडेमोड करून दाखवली होती. आम्हाला सोन्याचा थर हवा दोन नॅनोमीटरचा, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक ग्रॅम सोनं एवढं पातळ पसरलं तर साधारण २६ चौरस मीटर भरतं, म्हणजे आमच्या घराची ओसरी आणि माजघर मिळून. हिशोबनीस म्हणाला, "मग अर्धा ग्रॅम तरी कशाला?" खरं तर बहुतेक सोनं यंत्राच्या भिंतींवरच बसतं, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

ही युक्ती आमची नव्हे. १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये वॅगनर आणि एलिस या दोघांनी सिलिकॉनचे केसासारखे स्फटिक वाढवून दाखवले, तिथून ती आली. सिलिकॉन वितळतं १४१४ अंशांना, सोनं १०६४ला. पण दोघं योग्य प्रमाणात एकत्र आले तर ३६३ अंशांनाच पातळ होतात. तापवलं की सोन्याच्या थराचे बारीक थेंब होतात. भोवतालच्या वायूतलं सिलिकॉन (आमच्याकडे जस्त) थेंबात विरघळत जातं, विरघळत जातं, आणि पाकात साखर फार झाली की खडा धरतो तसा थेंबाच्या तळाशी स्फटिक धरतो. तो खालून वाढतो आणि थेंबाला डोक्यावर घेऊन वर जातो. हंडा डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईसारखा.

अक्काला मी हे सगळं हातवारे करून सांगितलं होतं. तिने शेवटी एकच विचारलं, "बरं. पण तू रात्रभर काय करतो?"

खरं उत्तर असं होतं की बसतो. थेंब पुरेसा भरेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही, काचेतून डोकावलं तरी नाही. माझ्या नोंदवहीत पानंच्या पानं अशी आहेत: १.४०, तापमान स्थिर, वायू स्थिर, काही नाही. २.१०, काही नाही. २.४०, काही नाही. या काळाला आमच्याकडे उबवणीचा काळ म्हणतात, आणि तो किती लांबला यावर आख्खं प्रकरण लिहिता येतं. मी लिहिलं आहे.

बारा वर्षं नोकरी झाल्यावर अक्का डेप्युटेशनवर एम.एस्सी. नर्सिंगला गेली. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वह्या, पुन्हा परीक्षा. प्रबंधाचा विषय तिने स्वतः निवडला: वॉर्डातल्या परिचारिकेवरचा कामाचा भार. संख्याशास्त्र माझ्या गळ्यात पडलं. "तू फिजिक्सवाला, तुला येत असंल." इलाज नव्हता. मी तिच्यासाठी संशोधनपत्रं शोधायला लागलो, आणि पहिलंच हाताला लागलं ते लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचं, २००२चं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, दहा हजारांवर परिचारिका, शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजार रुग्ण. निष्कर्ष एका ओळीचा. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

मी थबकलो, कारण ७ टक्के हा आकडा त्याच आठवड्यात मी दुसरीकडे लिहिला होता. एका सेमिनारसाठी. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर इंडियम आर्सेनाइड हा दुसरा अर्धवाहक चढवायचा असेल तर दोघांच्या अणूंमधल्या अंतरात जवळपास ७ टक्क्यांचा फरक असतो. पाहुणा मोठा, घर लहान. तरीही पहिला थर मुकाट बसतो. अणू दाटीवाटीने, दाबून घेऊन, खालच्या मापात स्वतःला बसवतात आणि वरून पाहिलं तर पृष्ठभाग आरशासारखा सपाट. दीड-पावणेदोन थरांपर्यंत हे चालतं. मग पुढचे थोडे अणू पडतात आणि बघता बघता तो सपाट थर मोडून त्याचे उंचवटे होतात, बेटांसारखे. या इवल्या बेटांनाही क्वांटम डॉट म्हणतात. १९३८मध्ये स्ट्रान्स्की आणि क्रस्तानोव या बल्गेरियन शास्त्रज्ञांनी अशा वाढीचा विचार मांडला म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. आमच्या प्रयोगशाळेत हे होण्यासारखं नव्हतं, त्याला कोटींची यंत्रं लागतात. मी फक्त वाचलं होतं. दोन सातांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण रात्री तीनला माणूस असल्या योगायोगांवर भाळतो.

मी उत्साहाने अक्काला चक्रवाढीचं गणित मांडून दाखवलं. चार रुग्णांऐवजी आठ झाले तर नुसते २८ नाही, ३१ टक्के. मूळ संशोधनातही हाच आकडा आहे. सोसायटीच्या कर्जाचं व्याज भरलेल्या घरात चक्रवाढ समजवावी लागत नाही. ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि चाळीस असले तर?"

मी सवयीने कॅल्क्युलेटरवर बोटं टाकली. चाराचे चाळीस, म्हणजे छत्तीस जास्तीचे, १.०७चा छत्तिसावा घात. अकरापटीहून जास्त आलं. मी ते तिला सांगितलं नाही. म्हटलं, "सूत्र तिथवर नेता येत नाही. त्यांनी तुलना केली ती चार ते आठची. त्या पल्ल्याच्या बाहेर काय होतं ते या आकड्यांवरून सांगता येत नाही."

"म्हणजे आम्ही आलेखाच्या कागदाबाहेर."

"तसंच काहीसं."

तिने बादलीतून पाय काढले आणि पदराने पुसले. विषय तिथेच संपला. मला मात्र तो पुरला. पाठ्यपुस्तकात आम्ही मुलांना शिकवतो की मोजलेल्या पल्ल्याबाहेर रेषा वाढवू नका. तो चांगला नियम आहे. पण कागदाबाहेर माणसं राहात असतील तर त्यांनी काय करावं, हे त्या नियमात नाही.

आपल्याकडे निकष नाही असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आम्ही प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात घातला: जिथे विद्यार्थी शिकतात तिथे तीन रुग्णांमागे एक परिचारिका, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव. कॅलिफोर्नियात तर याचा कायदाच झाला. १९९९ला मंजूर, २००४पासून लागू. अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक, साध्या वॉर्डात आधी सहामागे आणि २००५पासून पाचामागे एक. अक्काने हे वाचून "छान" म्हटलं. लग्नात आहेराची साडी उलटून पाहताना म्हणतात तसं.

भार मोजायचा कसा, हा खरा प्रश्न होता. अतिदक्षता विभागासाठी एक मोजपट्टी आहे, रेइस मिरांडा आणि सहकाऱ्यांनी २००३ला दिलेली. तेवीस कामांची यादी आणि प्रत्येकाला गुण. शंभर गुण म्हणजे एका परिचारिकेचे चोवीस तास. एकाच रुग्णाची बेरीज १७७ पर्यंत जाऊ शकते, म्हणजे एक सिस्टर पुरतच नाही. अक्काला त्यातली एक ओळ फार आवडली. रुग्णाला आणि नातेवाईकांना आधार देणं: पाळीत सुमारे तासभर लागला तर ४ गुण, तीन तास किंवा जास्त लागले तर ३२. "बघ, तिकडं बोलायचेही मार्क धरतात."

मग ती आपल्या वॉर्डाची यादी करायला बसली आणि ती मोजपट्टी दोन्ही टोकांनी अपुरी पडली. तिकडे परिचारिकेच्या नावावर असलेली कितीतरी कामं इकडे नातेवाईक करतात. कूस बदलणं, भरवणं, भांडं देणं, रात्रभर सलाईनच्या बाटलीकडे बघत बसणं. एका पेशंटबरोबर पिकअप भरून माणसं येतात. त्यांच्यामुळे वॉर्ड चालतो आणि त्यांच्यामुळेच अडतोही. उलट इकडची कामं त्या यादीत कुठेच नाहीत. चहाला गेलेला नातेवाईक शोधून आणणं. हरवलेला केसपेपर उशीखालून काढणं. एकाच पेशंटचं नाव पाच रजिस्टरांत उतरवणं. आणि भाषा! उपाशी ठेवलेल्या पेशंटची बायको येते, "बहीन, मन्हा दादलाले पानी देऊ का?" नाही म्हटलं की, "घोटभर बी नई का?" तिला ऑपरेशन, भूल, उलटी, फुप्फुस हे सगळं अहिराणीत समजावून सांगायचं, तेही ती घाबरणार नाही अशा बेताने. सातपुड्यातून, चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांवरून आलेला पेशंट असला तर पावरी. ती अक्काला येत नव्हती. मग बाजूच्या खाटेवरच्या पोराला दुभाष्या करायचा. पोराच्या हाताला प्लॅस्टर. हे किती गुणांचं काम?

शेवटी आम्ही ठरवलं की गुण नकोत, सरळ बघायचं. दिवसरात्रीतल्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून काढल्यासारख्या, क्षणी सिस्टरकडे पाहायचं, ती त्या क्षणी काय करते आहे त्याची खूण करायची. पुरेशा खुणा जमल्या की कोणत्या कामाला किती वेळ जातो ते आपोआप कळतं. ही पद्धत १९३०च्या दशकात एल. एच. सी. टिपेट यांनी बसवली. इंग्रज माणूस, संख्याशास्त्रज्ञ, आणि नोकरी कापूस गिरण्यांच्या संशोधन संस्थेत. माग किती वेळ चालू असतो आणि किती वेळ बंद, हे प्रत्येक मागाशी घड्याळ घेऊन बसल्याशिवाय कसं कळेल, असा त्यांचा प्रश्न होता. यादृच्छिक अंकांचा तक्ता छापणाराही हाच माणूस, १९२७ साली. मी तक्ता वगैरे शोधला नाही, कॅल्क्युलेटरवरचं बटण दाबून वेळा काढल्या.

गिरणी म्हटल्यावर आप्पांनी पेपर खाली ठेवला. आयुष्यभर मागावर उभा राहिलेला माणूस. त्यांनी आम्हाला दोन मागांची गोष्ट सांगितली. मुंबईत एका विणकराकडे दोन माग ही रीत होती, मालकांना तीन हवे होते, आणि १९२८च्या सहा महिन्यांच्या संपात हेही एक भांडण होतं. आप्पांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण गिरणीत या गोष्टी वारशाने मिळत. मग त्यांनी अक्काला विचारलं, तुझ्याकडे किती? तिने सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मागाचं बरं असतं बाई. धागा तुटला का तो आपला आपण थांबतो."

नोंदीचा तक्ता साधा होता. चार रकाने: थेट सेवा, अप्रत्यक्ष सेवा, वॉर्डाचं काम, वैयक्तिक वेळ. थेट म्हणजे पेशंटला हात लावून केलेलं. अप्रत्यक्ष म्हणजे त्याच्यासाठीच, पण त्याच्यापासून दूर, म्हणजे औषध भरणं, चार्ट लिहिणं, ओव्हर देणं, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट समजावून देणं. अक्का दुसऱ्या एका वॉर्डात कोपऱ्यात स्टूल टाकून बसायची. मी काढून दिलेल्या वेळेला मान वर करायची आणि खूण करायची. मदत करायची नाही, बोलायचं नाही असा नियम होता. बारा वर्षं जिने हाक आली की उठायचं एवढंच केलं, तिला हाका ऐकत बसून राहायचं होतं. त्या महिन्यात ती बादलीत पाय सोडत नव्हती, पण झोपतही नव्हती.

गठ्ठा माझ्याकडे आला तेव्हा मी बेरजा करत गेलो आणि एका रात्रीच्या पानावर अडलो. ३.१०ला चारही रकाने रिकामे. बाजूच्या समासात अक्काच्या बारीक अक्षरात: "उभी. १७ नंबरच्या पायथ्याशी. हातात काही नाही."

मी विचारलं, ही कुठे धरायची? तिच्या मार्गदर्शकांनी वैयक्तिक वेळेत टाका म्हटलं होतं. हात रिकामे, हालचाल नाही, व्याख्येप्रमाणे बरोबर. मला त्या रात्री झोप येत होती. मी म्हटलं, "वगळून टाक. एका नोंदीने टक्केवारी हलत नाही."

अक्का माझ्यावर क्वचित चिडते. "ती काय करत होती माहितीय तुला? श्वास बघत होती त्याचा. घड्याळ नाही, नाडी नाही, नुसतं छातीकडे बघत उभी. मला स्टुलावरून दिसत होतं की तो श्वास बरोबर नाही, आणि तिलाही दिसत होतं. ती ठरवत होती, आत्ता डॉक्टरांना उठवायचं का दहा मिनिटं थांबायचं. बाकीचे एकोणचाळीस पाठीमागं. ३.२०ला तिनं कॉल दिला."

मी पान पुन्हा पाहिलं. पुढची वेळ ३.४२ होती. तिथे थेट सेवेच्या रकान्यात ठसठशीत खूण. ऑक्सिजन, इंजेक्शन, धावपळ. तक्त्याप्रमाणे काम ३.४२ला झालं होतं.

माझी नोंदवही शेजारीच पडली होती. १.४०, काही नाही. २.१०, काही नाही. ते वगळून टाक असं मला कुणी कधी म्हणालं नव्हतं.

यानंतर बरीच वर्षं गेली. अक्का आता निवृत्त आहे. मी कॉलेजात शिकवतो, भट्टी लावून जमाना झाला. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही एका जास्तीच्या रुग्णामागे तेच ७ टक्के निघाले. मी तिला कळवलं, तर म्हणाली, "अजून मोजूनच राहिले का?" २०२३मध्ये क्वांटम डॉटसाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मी पुन्हा फोन केला आणि सपाट थर, दाटीवाटी, बेटं हे सगळं आठवून दिलं. त्यांचे डॉट द्रावणात आणि काचेत तयार झालेले, ताणातून उगवलेले नव्हेत, पण तेवढा बारकावा मी गाळला. तिने ऐकून घेतलं. "तुमच्या अणूंना ताण आला तर बक्षीस," ती म्हणाली, "आमच्याकडं मेमो यायचा."

प्रबंधाची प्रत आमच्याकडे अजून आहे, निळ्या बांधणीची. चौथ्या प्रकरणातल्या रात्रपाळीच्या कोष्टकात चार रकान्यांची बेरीज आणि शेवटचा एकूण आकडा जुळत नाही. एकाचा फरक आहे. मी तेव्हा तिला तीनदा सांगितलं होतं की एकतर रकान्यात घाल नाहीतर एकूणातून काढ, नाहीतर तोंडी परीक्षेत पकडतील. तिने दोन्ही केलं नाही. आणि पकडलंच. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पेन्सिलीने बेरीज केली, पुन्हा केली आणि चष्म्यावरून विचारलं, "यातलं एक निरीक्षण कुठं गेलं?"

"समासात आहे, मॅडम," अक्का म्हणाली. "मूळ पान आणलंय. दाखवू?"